पॅड दिसतोय, काढ!

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. क्रिकेटवाले पायाला बांधून मिरवतात तसला नव्हे. मला कंबरेला बांधतात, तेही कपड्यांच्या आतून. निदान बांधावं अशी अपेक्षा असते. माझं अर्धं आयुष्य पिशवीत गेलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल गावचा. तिथे टटल नावाचे एक गृहस्थ घोड्यांची खोगिरं दुरुस्त करत. त्यांची मुलगी वर्ना सिनेमात पडण्याचं काम करायची. हसू नका. पडद्यावर नायिका घोड्यावरून कोसळते, तेव्हा खरी नायिका छत्रीखाली बसून सरबत पीत असते आणि कोसळते ती वर्ना. म्हाताऱ्याने खोगिराखालची जाड लोकर कापून चार पदर शिवले, दोन पट्टे लावले आणि मला लेकीच्या हातात ठेवलं.

"घोड्याच्या पाठीला चालतं ते तुझ्या कंबरेला चालेल," म्हणाला. त्या घरात लाड असेच व्हायचे.

सुरुवातीची वर्षं झकास गेली. वर्ना गुराख्यांच्या सिनेमात होती, अंगात जाड विजार असायची, आत मी. गाडीतून पड, कुंपणावरून उलट. एकदा तर तिला बोलायलाही मिळालं. खाणावळवालीचं काम होतं. "दार लावा, धूळ येते," एवढंच वाक्य. ते म्हणून झालं आणि पुढच्याच क्षणी तिला खिडकीतून बाहेर फेकलं. पण सिनेमाच्या पाट्यांमध्ये अभिनेत्री म्हणून नाव आलं, आणि म्हाताऱ्याने तो सिनेमा पाच वेळा पाहिला.

मग वर्ना मोठ्या नायिकांसाठी पडू लागली आणि माझं नशीब फिरलं. मोठ्या नायिका रेशमी, अंगासरसे झगे घालतात. शिवाय कपडेवाल्यांची एक अजब खोड अशी, की पडणारीचा झगासुद्धा नायिकेच्याच मापाने शिवायचा. पुरुषांना कोट, विजार, बूट. आत कोपराला पॅड, गुडघ्याला पॅड, पाठीला पॅड, पार गादीसारखे भरलेले. वर्नाला मात्र त्याच जिन्यावरून उघड्या हाडांनी पडायचं. कपडेवाल्या अर्माबाई कंबरेवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "पॅड दिसतोय, काढ!"

की मी पिशवीत. तिथून मला धपकन आवाज ऐकू यायचा. पिशवीतला पॅड काय करणार, सांगा बघू? अकरा वर्षं हेच चाललं. वर्नाची डावी कंबर सुजून कायमची हिरवीनिळी झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, आता या हाडावर आणखी एक दणका बसला तर घोडा विसरा. काठी घेऊन चालाल."

आणि नेमका त्याच महिन्यात चोवीस पायऱ्यांचा संगमरवरी जिना तिच्या वाट्याला आला.

"अर्मा, दोन बोटं जागा ठेव गं आत," वर्ना म्हणाली.

"नायिकेची कंबर बघितलीस? दोन बोटं कुठून आणू?"

पडापडीचे मुकादम क्लेम हार्गिस तिथेच उभे होते. वर्ना त्यांच्याकडे वळली. "मग मी नाही पडणार, क्लेम."

अकरा वर्षांत ती पहिल्यांदा नाही म्हणाली. क्लेमनी खांदे उडवले. "बरं. डेलला बोलवा. टोप चढवा त्याला."

त्यांच्यात ही रीतच होती. बाई अडली की पुरुषाला केसांचा टोप घालून उभा करायचा. पडापडीच्या टोळीतला डेल आला. बिचाऱ्याने मिशी काढली. आता खरी मजा ऐका. ज्या अर्माबाईंना दोन बोटं मिळत नव्हती, त्यांनी चकार शब्द न काढता दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या आणि वीतभर कापड घातलं! कोपरं, गुडघे, पाठ, सगळीकडे पॅड बसले. डेलचा स्वतःचा कंबरेचा पॅड तेवढा झग्यात मावेना, म्हणून तो वर्नाकडे मला मागायला आला. पडणाऱ्याला पॅड नाकारायचा नाही, हा त्यांचा धर्म. वर्नाने मला काढून दिलं.

डेल पडला छान. पण पडण्याआधी वर उभा राहायचा ना, तो पाय फाकवून, नुकता घोड्यावरून उतरल्यासारखा. दिग्दर्शक तीनदा ओरडले, "अरे, बाई आहेस तू, बाई!"

तेव्हा वर्ना जिना चढून वर आली. "डेल, झगा उतरव."

"थांब, आता परत आत घ्यावा लागेल," अर्माबाई सुई शोधू लागल्या.

"एक टाका मारायचा नाही. त्याच्यासाठी जागा झाली ना? मग त्याच जागेत मी पडेन."

"अगं, कंबर जाड दिसेल."

"माझी दिसली का?" डेलने टोप काढत विचारलं. अर्माबाईंनी सुईचा डबा मिटला. डेल, तुझं भलं होवो!

क्लेमनी घड्याळ पाहिलं. "घालू दे गं तिला. जेवण थंड होतंय."

ऐकलंत? तिच्या हाडासाठी नाही, जेवणासाठी! पण मला बांधलं. वर्ना चोवीस पायऱ्या गडगडली, त्यातल्या नऊ मी अंगावर घेतल्या. हूं की चूं केलं नाही. एका फटक्यात काम झालं. ती स्वतःची स्वतः उठली आणि झगा सावरत सरळ जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. कुणी टाळी वाजवली नाही. मला मात्र रडू येत होतं.

आज वर्ना साठीची आहे, क्लेमच्या जागी मुकादम आहे आणि दोन्ही पायांवर चालते. मला कसर लागली आहे. माझं काही मागणं नाही. एवढंच ऐका, मित्रांनो. एखादी बाई "इथे लागतं" म्हणाली, तर तिच्या जागी पुरुष उभा करून पाहू नका. आधी शिवण उसवा.