बदीआ गप्प उभी राहते

गुरुवारी दुपारी चार वाजता सिनेमा मंडळाच्या खुर्च्या भरल्या, तेव्हा अम्म रिफअत नेहमीसारखे पहिल्या रांगेत डाव्या कडेला बसले होते. अम्म म्हणजे काका; बंदराजवळच्या सगळ्या अन्फूशी मोहल्ल्याचे ते काका. चाळीस वर्षं त्यांनी रंगमंचाच्या पुढच्या खोपीत, पाठ प्रेक्षकांकडे आणि तोंड नटांकडे करून, हातात संहिता घेऊन काढली होती. नट अडला की ओळ पुरवायची. अशी पुरवायची, की नटाला ऐकू जावी आणि पहिल्या रांगेला मात्र समुद्राची गाजच वाटावी.

आज ते पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होते. पुदिन्याचा चहा हातातच निवला.

कारण मागच्याच रांगेत शहीरा बसली होती. पस्तिशीची, बारीक कापलेल्या केसांची ही दिग्दर्शिका ‘बदीआचं दार’ या जुन्या नाटकावर तिसरा चित्रपट करत होती. शेवटचा प्रसंग तेवढा उरला होता. तो रविवारी चित्रित होणार होता आणि तिला काही केल्या सुचत नव्हता. म्हणून आज मंडळाने आधीचे दोन्ही चित्रपट शेजारी शेजारी ठेवून बघायचे ठरवले होते.

नाटक साऱ्या शहराला पाठ. एकुलता एक मुलगा बोटीवर निघतो, त्याची आई बदीआ उंबऱ्यात उभी राहते आणि म्हणते, “जा बाळा, जा. पण मागे वळू नकोस, नाहीतर मी तुला जाऊ देणार नाही.” त्या एका ओळीवर आया रडल्या, मुलं परदेशी गेली, ट्रकच्या मागे ती रंगवली गेली.

आणि ती ओळ बदीआची नव्हती. हे जाणणारे बाकीचे वारले होते; आता जगात एकट्या रिफअतना ठाऊक होतं. आज बोलले नाहीत, तर तिसऱ्यांदा ती पडद्यावर जाणार, आणि मग सांगायला कोणी उरणार नाही. बोलले, तर ‘ती ओळ खोपीतून सगळ्यांत आधी उच्चारणारा माणूस’ म्हणून अन्फूशी देत आली तो मान जाणार. बाकी त्यांच्याजवळ होतं काय? दोन पायजमे आणि एक खोकला.

मंडळाचे प्रमुख उस्ताज गलाल उठले. पोट पुढे, चष्मा कपाळावर.

“मंडळी, पहिला चित्रपट काळापांढरा, संयमी. दुसरा रंगीत, वादळी. कोणता मूळ नाटकाला धरून आहे, हा प्रश्न...”

“उस्ताज, प्रश्न विचारता विचारता तुम्ही उत्तरही देऊन टाकाल,” मागून सित्त इहसान, म्हणजे इहसानबाई, म्हणाल्या. त्यांचा भोपळ्याच्या बियांचा पुडा फुटला होता. “लावा की चित्रपट. माझी मुलोखियाची भाजी चुलीवर आहे.”

हशा झाला, दिवे गेले.

पहिल्या चित्रपटात दौलत हानिम बदीआ झाली होती. नाटकातही तीच होती. मुलगा पाठमोरा झाला, तिने दाराच्या कडीला हात लावला, सारंगी रडली, मग ती ओळ आली. दुसऱ्या चित्रपटात दुसरी बाई गच्चीवर धावत गेली, भर पावसात ओरडून तीच ओळ म्हणाली, आणि वीज चमकली.

दिवे लागले तसे वाद पेटले. कुणी म्हणालं, पहिलाच खरा. कुणी म्हणालं, त्यात काय, नुसतं दार! पावसात आईचं काळीज दिसतं. गलाल म्हणाले, दोघींनी ओळीला न्याय दिलाय.

शहीराने वही मिटली. मग म्हणाली, “मला एक कळत नाही. दोन्हीकडे मी तिच्याबरोबर रडत असते, आणि ती बोलली की माझं रडू थांबतं. उलट व्हायला हवं ना? निर्माता म्हणतो, ओळ नसेल तर तिकीट कोण काढणार. मी मूर्ख आहे का, उस्ताज?”

“मूर्ख नाहीस, बाई, थकली आहेस.”

अम्म रिफअत उभे राहिले. गुडघे कटकन वाजले.

“गलाल, पहिल्याचा शेवट पुन्हा लाव. आवाज बंद करून.”

“आवाज बंद? अम्म, तुम्ही आयुष्यभर आवाजावरच जगलात!”

“लाव म्हणतो ना.”

गलालनी लावला. सारंगी गेली, शब्द गेले, पंख्याची घरघर तेवढी राहिली. पडद्यावर दौलत उभी. मुलगा पाठमोरा. तिचा हात कडीवर गेला, थांबला, आणि तिने कडी काढून दार सताड उघडलं. वाट पाहणं कसं असतं ते डोळ्यांत दाटलं, जसं रांजणात पाणी दाटतं. मग तिचे ओठ हलले आणि सगळं सांडून गेलं.

“थांबव,” शहीरा कुजबुजली. “ओठ हलायच्या आधी संपलं होतं.”

“लेखकाने तिथेच संपवलं होतं, पोरी,” रिफअत म्हणाले. “ओळ होती आधी. तालमीच्या शेवटच्या दिवशी तो माझ्या खोपीपाशी वाकला, पेन्सिल दिली, म्हणाला, रिफअत, खोड. बदीआ दार उघडते आणि गप्प राहते. मी खोडली. माझ्या हाताने.”

रिफअतांनी पडद्यावरच्या दौलतकडे बोट केलं.

“पहिल्या प्रयोगाला दौलत गप्प राहिली. एक श्वास, दोन श्वास, चार. नाट्यगृहात माशी हलेना. खोपीत बसणाऱ्याला शांतता म्हणजे आग, हो. खोडलेलं ठाऊक असूनही वाटलं, ती अडली, प्रयोग पडला. माझ्या तोंडून निसटली ती ओळ. आणि दौलतची सवय अशी, की खोपीतून आलं ते म्हणायचं. ती म्हणाली. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. लेखकाला तीनदा पुढे बोलावलं. वाकून सलाम करताना त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. पुस्तकात ओळ छापून आली. तो मला कधी काही बोलला नाही, आणि मीही नाही.”

गलाल मटकन खाली बसले. “माझ्या पुस्तकात त्या ओळीवर चाळीस पानं आहेत, अम्म.”

“चाळीस? मला तर एक श्वास लागला होता.”

हसू फुटलं, पण सित्त इहसान हसल्या नाहीत. पुडा मांडीवर ठेवून म्हणाल्या, “माझा करीम इटलीला गेला तेव्हा बंदरावर मी हेच म्हटलं होतं. मग ते काय, तुमची चूक होती?”

रिफअत त्यांच्याकडे वळले. याच प्रश्नाला ते इतकी वर्षं भीत होते.

“नाही, सित्त. तुम्ही म्हटलंत तेव्हा ते तुमचं होतं, खरंच होतं. बदीआला तेवढं लागत नव्हतं. ती न बोलता बोलणारी बाई.”

इहसाननी पडद्याकडे पाहिलं. तिथे दौलत उघड्या दारात थिजली होती. “खरं सांगू? करीमची बोट लांब गेल्यावर मी गप्पच उभी होते. तीच वेळ मला आठवते. बोललेलं सगळं विसरले.”

“झालं!” गलाल कळवळले. “म्हणजे चाळीस पानं...”

“एक्केचाळिसावं लिहा, उस्ताज. आम्ही वाचू.” इहसाननी त्यांच्या हातावर मूठभर बिया ठेवल्या. कुणी म्हणालं, तरी पावसाचाच चित्रपट चांगला. आणि वाद पुन्हा सुरू झाला. पण कुणी अम्म रिफअतांकडे पाठ फिरवली नाही. उलट एकाने त्यांच्यासाठी चहा मागवला.

शहीरा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती.

“निर्माता मला खाऊन टाकेल.”

“तुझा निर्माता माझ्यासारखाच खोपीत बसलेला माणूस आहे. शांततेला घाबरतो. त्याला आधी दौलत दाखव, बिनआवाजाची.”

“दाखवते. आणि तुम्ही रविवारी सेटवर यायचं. सकाळी सातला गाडी पाठवते.”

“गाडी कशाला, ट्राम आहे.”

“माझ्या बदीआने किती श्वास थांबायचं, ते सांगायला कोणीतरी हवं ना, अम्म.”

रिफअतांनी मान हलवली. “ते तिचं ती ठरवील, पोरी. मी कोपऱ्यात बसेन. ती गप्प झाली, की या वेळी मीही गप्प राहीन.”