पहिल्या मेचं लोणी

नेटलपुढे मान लववायची प्रथा फिंटन हेहिरनं मार्चमध्ये शोधून काढली. एप्रिलपर्यंत ती हजार वर्षं जुनी झाली होती.

नेटल म्हणजे डब्लिनपासून दूर, आमच्या क्लेअर परगण्यात बांधाबांधावर माजणारा, अंगाला लागला की आग करणारा पाला. वसंतात त्याचं सूप करतात. आम्ही तो हातमोजे घालून, शिव्या देत ओरबाडतो. फिंटनच्या ‘वारसा शेता’वर येणारी शहरी माणसं मात्र आधी त्याच्यापुढे मान लववत, रानलसणीची परवानगी मागत आणि रानचुका डाव्याच हातानं खुडत. डब्लिनमध्ये दहा वर्षं विमा विकून कमावलेल्या जिभेवर त्यानं हे सगळं उभं केलं होतं.

एक मे रोजी एका पर्यटन कंपनीच्या हिल्डा प्रेंडरगास्ट शेत बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर वर्षभर बसगाड्या येणार. नाही पटलं तर बापाचं शेत भाड्यानं देऊन फिंटन परत विमा कचेरीत. तारीख त्यानंच ठरवली होती.

त्या सकाळी तो बरणी घेऊन माझ्या दारात उभा.

“डेलियाकाकू, थोडी साय दे ना. लोणी काढून दाखवायचंय, आणि माझी गाय आटलीय.”

“आज?”

“आज नाही तर कधी?”

“मेचा पहिला दिवस आहे, बाबा. आज घरातून दूध-लोणी बाहेर गेलं की वर्षाची बरकत त्याच्यामागे जाते. तुझ्या आईनं आज कुणाला चुलीतला निखारासुद्धा दिला नसता.”

“तू अजून हे मानतेस?”

“मानत नाही. देतही नाही.”

“मी हे पाहुण्यांना गोष्ट म्हणून सांगतो, काकू. पोट धरून हसतात.”

“मग त्यांच्याकडे माग साय.”

त्यानं पेट्रोल पंपावरच्या दुकानातून क्रीमचे डबे आणले.

दुपारी मी गंमत बघायला गेले. लोणी घुसळायचं त्याचं लाकडी पिंप एका पबमध्ये दिव्याचा खांब म्हणून उभं असायचं. वायरचं भोक त्यानं मेणानं बुजवलं होतं. घरात लोणी निघत असताना जो येईल त्यानं दांड्याला हात लावायचा, ही आमची खरी रीत. मी दांडा घेतला आणि थोडा वरखाली केला.

“हे काय?” हिल्डाबाईंनी विचारलं.

“काकूंना व्यायाम लागतो,” फिंटन म्हणाला.

लोणी निघालं, आणि चांगलं निघालं. हिल्डाबाईंची नेटलपुढे मान लववून झाली होती, सूपही पिऊन झालं होतं.

“मला पटलंय, फिंटन. हा गोळा मी घेऊन जाते. उद्या सकाळी संचालकांपुढे ठेवला की सह्या झाल्याच समजा.”

त्यानं गोळा कागदात गुंडाळला, दारापर्यंत आणला आणि उंबऱ्याच्या आत थांबला. बाहेरून हिल्डाबाईंनी हात पुढे केला. त्याचा हात पुढे येईना.

“उद्या आणून देतो. पहाटेच निघतो.”

“मी आत्ताच निघालेय की!”

“आज नको.”

“का?”

एवढ्या प्रथांत त्याच्या हाती लागलेली ही एकच खरी प्रथा. सांगितली असती तर बाईंनी गळ्यात पडून करार केला असता. पण गोष्ट म्हणून सांगणं वेगळं आणि आपण हे मानतो असं कबूल करणं वेगळं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

“अजून मुरायचंय,” तो म्हणाला.

“लोणी? मुरायचंय?” हिल्डाबाईंनी हात मागे घेतला. “विकतचं आहे का ते?”

क्रीमचे डबे आठवून त्यानं गोळा पाठीमागे नेला. तेवढं पुरलं. बाई गाडीत बसल्या.

“तू तरी सांगायचंस,” तो माझ्यावर उखडला.

“तू सांगितलंस की लोक हसतात ना? आणि काय रे, क्रीम पंपावरचं. बरकत जाणार ती कुणाची, पंपवाल्याची?”

“डिम्पना पुढच्या महिन्यात व्यायणार आहे,” तो खाली बघत म्हणाला. डिम्पना म्हणजे त्याची गाय.

दुसऱ्या दिवशी तो लोणी घेऊन डब्लिनला गेला. कंपनीनं त्याला दारातूनच परत पाठवलं.

डिम्पना सुखरूप व्यायली, दूधही भरपूर देते. म्हणजे बरकत शाबूत राहिली. सप्टेंबरपासून ती माझ्या गोठ्यात असते, कारण तिचा मालक डब्लिनमध्ये विमा विकतो.