पन्नासचा पुकारा

चाकाच्या वरचा पोलादी दांडा चकचकीत होता, फक्त एका जागी त्यावर ग्रीस आणि धुळीचं बारीक कडं होतं. उतरताना विमान जितकं जोरात आपटतं, तितकं ते कडं खाली सरकतं. मागच्या खेपेपेक्षा आज ते दोन बोटं खाली होतं.

फ्लाइट इंजिनियरने ते फडक्याने पुसून टाकलं.

"काय मेहुणेबुवा, विमानाचे पाय चेपताय?" मागून कॅप्टन हसला. इंजिनियरच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

"म्हातारं झालंय, दाजी."

"हे की मी?"

दरीतली धावपट्टी आखूड, दोन्हीकडे डोंगर. तिथे हे जुनं मालवाहू विमान नाक खाली घालून, जिना उतरावा तसं उतरवावं लागे. काचेत नुसती जमीन दिसे. पन्नास फुटांवर सुकाणू मागे ओढून नाक उचलायचं. उंची इंजिनियरने पुकारायची, नजर कॅप्टनने जमिनीवर ठेवायची.

वर्षभर दाजींचा हात उशिरा मागे येत होता. घरीही चहा कपाबाहेर सांडे आणि ताई न बोलता टेबल पुसे. मग इंजिनियर साठ फुटांवरच "पन्नास" म्हणू लागला. पुढे सत्तरवर. दाजी खुशीत म्हणायचे, "तुमचा आवाज आला की हात आपोआप मागे येतो."

आता आणखी आधी पुकारण्याची सोय नव्हती. नाक फार लवकर वर गेलं तर वेग मरतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. खरं बोलावं, तर त्या दरीत उतरणारा दुसरा पायलट नव्हता. रस्ता कधीचाच तुटला होता. दरीतल्या चौकीवरचे जखमी तिथेच राहिले असते. दोन्हीकडून मरणच होतं. म्हणून तो रोज उद्यावर ढकलत आला होता.

आज विमानाच्या पोटात पिठाची पोती होती, औषधं होती, आणि पट्टे बांधून बसलेल्या दोन नर्स. त्यातली एक दुसरीला सांगत होती, "डोळे मिटून घे, म्हणजे कळतही नाही."

कॉकपिटमध्ये दाजींनी समोरच्या एका बटणासाठी हात नेला. बोट शेजारच्या बटणावर पडलं. ते चाचपत राहिले, मग स्वतःशीच हसले.

"चला, वाट बघत असतील बिचारे. करा सुरू."

इंजिनियरने इंजिनाच्या बटणावरचा हात मागे घेतला.

"दाजी, मी पन्नास म्हणतो तेव्हा सत्तर असतात. तुम्हाला जमीन दिसत नाही. मी टॉवरला कळवतोय. तुम्ही आता उडायचं नाही."