मोठ्या बांदीतला हलका धान

केशोरावांच्या मोठ्या बांदीबद्दल गावात कुणाचं दुमत नव्हतं. एवढं सपाट, चौरस आणि चहूबाजूंनी रुंद धुरे, म्हणजे बांध, असलेलं धानाचं शेत बोदलकशाच्या तलावाखालच्या पाच गावांत दुसरं नव्हतं. म्हणूनच केशोराव तिच्यात वर्षानुवर्षं हलका धान लावत. हलका धान दिवाळीच्या आत कापून होतो, आणि दिवाळी सरली की आठवड्याभरात गावची जत्रा, मंडई, भरते. सासरी गेलेल्या लेकी येतात, जवाई येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक होतं. आणि दुपारी या मोकळ्या बांदीत आपलं गाव विरुद्ध खैरटोला असा फुटबॉलचा सामना. धुऱ्यावर दोन्ही गावं उभी.

२००७ च्या मंडईत हे सगळं फिसकटलं. पुढची दोन वर्षं केशोरावांनी त्या बांदीत भारी धान लावला. भारी धान मंडईच्या दिवसांत कमरेएवढा उभा असतो, त्यात काय डोंबलाचा फुटबॉल खेळणार! बंदी घालायची म्हणजे सभा घ्या, ठराव करा, चार माणसांशी वाकडं घ्या. केशोरावांनी नुसतं बियाणं बदललं आणि काम भागलं.

गावानंही मान डोलावली, कारण त्या मंडईत खैरटोल्याच्या गोलकीपरचं डोकं फुटलं होतं. धुऱ्यावरून एक ढेकूळ आलं, धानाच्या मुळांसकट वाळलेलं, दगडालाही लाजवील असं. सात टाके पडले. मग दोन्ही गावं एकमेकांच्या अंगावर गेली, जिलेबीची कढई उपडी झाली आणि घरोघर फुटबॉलचा लौकिक पसरला. आया पोरांना म्हणायला लागल्या, हातपाय मोडायचे तर कबड्डीत मोड. मुलीकडचे लोक नवरा मुलगा बघायला आले की दारूच्या मागोमाग फुटबॉलची चौकशी करू लागले. टीव्हीच्या बातम्यांत परदेशातल्या कुठल्याशा मैदानावर प्रेक्षक खुर्च्या फेकताना दिसले की उदाराम पोलीस पाटील चौकात साऱ्यांना ऐकवी, "पाहा, तिकडंबी तेच. खेळच तसा हाय." त्या दिवशी पोरं किती देखणी खेळली होती, हे कुणाला आठवेना. पंगतीचं जेवण विसरून भातातला खडा तेवढा ध्यानात ठेवायचा, ही आपल्या लोकांची जुनीच खोड.

डोकं फुटलं तो गोलकीपर म्हणजे तिलक, केशोरावांचा सख्खा जवाई. लेक रविता तेव्हा सातव्या महिन्यात होती. नवऱ्याच्या डोक्याला आपलीच ओढणी गुंडाळून ती जी गेली, ती माहेरच्या मंडईला पुन्हा आली नाही. पहिलं बाळंतपणसुद्धा तिनं सासरीच केलं. नात दामिनी केशोरावांनी बारशाला पाहिली, तेवढीच.

ढेकूळ कुणी मारलं ते कळलं नाही. संशय गावच्या संघाचा कप्तान खुशाल याच्या दोस्तांवर गेला. खुशाल आणि तिलक शाळेत एका बाकावर बसलेले. त्यांचं बोलणं तुटलं.

खरं ठाऊक होतं एकाच माणसाला. ते ढेकूळ केशोरावांच्या हातून सुटलं होतं.

साठी ओलांडलेला, पाच गावांत ज्याचा शब्द चालतो असा माणूस! पण सामना संपत आला होता, गाव एका गोलनं मागं होतं, आणि तिलकनं खुशालचा हमखास गोल उडी मारून अडवला. अडवला तो अडवला, वर हसला. धुऱ्यावर हजार माणसं बोंबलत होती. केशोरावांना त्या क्षणी तिथं जवाई दिसलाच नाही, खैरटोल्याचा गोलकीपर दिसला. हात खाली गेला, ढेकूळ उचललं आणि गोलच्या खांबावर भिरकावलं. खांबावरच. ही गोष्ट त्यांनी पुढं स्वतःला शेकडो वेळा सांगितली, आणि एकदाही तिनं बरं वाटलं नाही. बाजूची माणसं मैदानाकडं बघत होती, केशोरावांकडं कोण बघणार? अन् मग सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडले, "बंद करा हा खेळ!"

२०१० च्या जूनमध्ये, पऱ्हे टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी बी पेरायच्या तोंडावर, खुशाल त्यांच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"काका, यंदा मोठ्या बांदीत हलका लावा ना. पोरं मांगून राहिली."

"कायले? पुन्हा कोनाचं डोस्कं फोडाले?"

"आमी नाही फोडलं, काका. तीन वर्षं झाली सांगून राहिलो. कोनी आयकतच नाही." तो एवढंच बोलला आणि चपला घालून निघून गेला. भांडला असता तर केशोरावांना सोपं गेलं असतं.

संध्याकाळी मंदाबाईंचा लेकीशी फोन झाला. पदरानं मोबाईल पुसत त्या नवऱ्याजवळ येऊन बसल्या.

"जवाईबापूंचे जोडे त्यांच्या मायनं, ईनबाईनं, भंगारवाल्याले देऊन टाकले म्हनते रविता. खेळाचे जोडे. तीन वर्षांत पोरानं बॉलले पाय नाही लावला. ईनबाई त्याले म्हनते, तुह्या सासऱ्यासारखा शहाना मानूस खेळाले वाईट म्हनते, मंग मी कायले खेळू देऊ?"

केशोराव ताटावर बसले होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. आपण एक ढेकूळ फेकलं असं ते समजत होते. ते तर तीन वर्षं फेकतच होते.

सकाळी ते बायकोला म्हणाले, "हलक्याचं पोतं काढ."

"मोठ्या बांदीसाठी?"

"हो."

मंदाबाईंनी काऊन म्हणून विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळत होतं की या माणसाच्या तोंडून गोष्ट आपोआप बाहेर येऊ द्यावी, ओढायला गेलं की आत जाते.

रोवणी आटोपल्यावर केशोराव सायकल काढून खैरटोल्याला गेले. वाटेत दोनदा उतरले, दोनदा परत फिरावंसं वाटलं. विहीणबाई अनुसयाबाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. रवितानं पाय धुवायला पाणी आणून ठेवलं, पण बापाकडं पाहिलं नाही. तिलक आतून आला आणि वाकला. वाकताना केसांतून गेलेली ती पांढरी रेघ दिसली, आणि केशोरावांनी पाठ करून आणलेलं सगळं बोलणं पुसून गेलं.

"जवाईबापू, ते ढेकूळ मी मारलं होतं."

अनुसयाबाईंचे हात थांबले. "काहीबी का बोलता, ईवाई? तुमी कायले माराल? तो खेळच तसा, मानसाले पागल करते."

किती सोपी वाट होती! मान हलवली असती तर चहा घेऊन घरी जाता आलं असतं.

"नाही, ईनबाई. खेळानं काही नाही केलं. पोरं मस्त खेळून राहिली होती. वाकलो मी, उचललं मी, मारलं मी. खांबाले मारलं होतं, नेम चुकला. अन् मंग भेव लागलं, म्हनून खेळाचं नाव घेतलं." त्यांनी तिलकच्या पायांकडं बोट केलं. "तुमी त्याचे जोडे फेकले ते माह्या शब्दावर. म्हनून आलो."

तिलकचा हात आपोआप डोक्याकडं गेला. मग म्हणाला, "मामाजी, मी खुशालशी तीन वर्षं बोललो नाही." रागानं नव्हे, हरवलेल्या वस्तूबद्दल सांगावं तसं बोलला तो. केशोरावांना तो आवाज शिवीपेक्षा जास्त लागला.

रविता केव्हाच आत गेली होती. केशोरावांनी सायकल काढली तेव्हा ती दारापर्यंत आली.

"मंडईले येजो, बाई."

"सांगत नाही," ती म्हणाली आणि दार लोटलं.

परतल्यावर त्यांनी उदारामला आणि खुशालला हीच गोष्ट सांगितली, तीही भर चौकात. उदारामचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आठ दिवस लोक केशोरावांना पाहून कुजबुजले. खुशालनं मात्र दुसऱ्याच दिवशी खैरटोल्याची वाट धरली. परतताना तो गाणं गुणगुणत होता, असं मंदाबाईंना कुणीसं सांगितलं.

मंडईच्या दुपारी मोठी बांदी कापून, बुडखे छाटून तयार होती. चुन्याच्या रेघा पडल्या होत्या. निम्मं गाव अजून घरातच होतं; बायांनी पोरांना पदराशी धरून ठेवलं होतं. केशोराव धुऱ्यापासून दूर, जिलेबीच्या दुकानाआड उभे होते. धुऱ्यावर जायची त्यांची छाती होईना.

खैरटोल्याची पोरं आली. मधे तिलक होता, नवेकोरे जोडे घालून. त्यांच्या मागून रविता आली ती सरळ बापासमोर. तिनं कडेवरची दामिनी त्यांच्या हातात दिली.

"धरा हिले. दोनी हातांनी धरा."

आणि कोपराला धरून तिनं बापाला नेलं, थेट खैरटोल्याच्या गोलमागं, त्याच धुऱ्यावर, त्याच जागी. लोकांनी वाट करून दिली. तीन वर्षांची पोर आजोबांच्या मिशा ओढू लागली. तिला या म्हाताऱ्याची ओळख नव्हती, पण मिशा आवडलेल्या दिसल्या.

सामना सुरू झाला. बायका हळूहळू घराबाहेर आल्या. खुशालनं एक गोल केला, गाव उसळलं. केशोराव नातीसकट उसळले. मग खैरटोल्यानं फेडला. शेवटी शेवटी खुशालनं पुन्हा सणसणीत फटका मारला. तिलकची बोटं चेंडूला लागली आणि चेंडू खांबावरून उडून धुऱ्यावर आला. केशोरावांच्या पायाशी थांबला.

तिलक वळला. "मामाजी, द्या."

रवितानं दामिनीला घेतलं. केशोराव वाकले, आणि धुरा चूप झाला. इकडं आपलं गाव, तिकडं खैरटोला, सगळ्यांचे डोळे त्या दोन हातांवर. तिलक दहा पावलांवर उघड्या डोक्यानं उभा होता, त्यानं मान जरासुद्धा बाजूला घेतली नाही. केशोरावांनी चेंडू छातीशी धरला, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तशाच भरल्या डोळ्यांनी फेकला.

तिलकनं तो छातीवर झेलला.

धुऱ्यावरून आधी एक टाळी वाजली, मग साऱ्या बांदीभर टाळ्या. रविता बापाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"बाबूजी," ती म्हणाली, "आता नेम बरोबर हाय तुमचा."