उगवतीचं वारं

रंगुबाईचा पोरगा आकाराम पूर्वेच्या लढाईत पडला, आणि कुंडलच्या बायकांना जुनी भाकणूक आठवली. बिरोबाच्या जत्रेत गुंडाबा धनगर अंगात आल्यावर बोलला होता, "उगवतीचं वारं सुटंल, भरलं घर रितं हुईल."

त्या साली शाळू वाऱ्यानं आडवा झाला, तेव्हा लोक म्हणाले, हेच ते. पुढं जनावरांत रोग आला. तोही म्हणे उगवतीकडूनच! आता तर लढाईच तिकडं झाली. पण शेजारच्या सुलाबाईचं तेवढ्यावर भागेना.

"रंगुबाई, तुजी सून कुठली गं?"

"जतकडची."

"म्हंजी उगवतीचीच की!"

नवरा आधीच गेलेला, आता एकुलता पोरगा. एवढं ओझं कुणाच्या तरी डोक्यावर दिल्याशिवाय रंगुबाईला श्वास घेता येईना. तिनं ते विजयमालेच्या डोक्यावर दिलं. सुनेच्या हातचं पाणी सोडलं. शेवटी म्हणाली, "जा बाई म्हायेरी." विजयमालेनं गाठोडं बांधलं आणि ती एसटीच्या थांब्याकडं गेली.

त्याच सकाळी गुंडाबा रंगुबाईच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आला. तिनं त्याचे पाय धरले.

"बाबा, तुमचं बोलणं खरं झालं. उगवतीची अवदसा घालवली बगा."

"कोण अवदसा?"

"सून."

म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले. "म्या सुनंचं नाव घेतलं व्हतं?"

"न्हाई, पर अर्थ त्योच की!"

"घडून गेल्यावर अर्थ समद्यांनाच सुचतोय. माजं ऐकून आकारामला पल्टनीत जायचं अडवलंस व्हय?"

"तवा कुटं ध्यानात आलं?"

"मग ही भाकणूक न्हवं, तुमची जुळवाजुळव! मीबी उगवतीचा, माजी मेंढरंबी. हाकलतीस? पोरगं गोळीनं गेलं गं. घर रितं करायला तूच उठलीस!"

रंगुबाई धावत सुटली. एसटी अजून उभी होती. विजयमाला खिडकीशी बसलेली.

"पोरी, उतर! चुकलं माजं!"

"आत्याबाई, तार आली तवा मलाबी रडायचं व्हतं. तुमी रडू दिलं न्हाई." तिचा आवाज चढला नाही. "आता आयेजवळ रडते. मग बगू."

कंडक्टरनं घंटी मारली, गाडी सुटली.

सुलाबाई पुन्हा कुजबुजायला आली, तेव्हा रंगुबाई एवढंच म्हणाली, "बाई, माज्या दारात आता अर्थ नको." आणि दर बाजारच्या दिवशी ती जतहून येणाऱ्या गाडीशी जाऊन उभी राहू लागली.

बंधुभगिनींनो, गूढ बोलाला कुठलंही संकट चिकटवता येतं. चिकटवायचंच असेल तर खुशाल चिकटवा. पण त्याखाली घरातलं जितंजागतं माणूस चिरडत नाही ना, तेवढं आधी बघा!