आईंच्या गुलाबाचा रंग

अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या आमच्या अंगणात सासूबाईंनी गुलाबाचा वेल लावला तो २००२ मध्ये, पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी. रंग त्यांनीच निवडला होता. विचारलं तर म्हणाल्या, "फुलला की बघा." पुढच्या वर्षी त्या वारल्या. रोपाला अडकवलेली नावाची चिठ्ठी तोवर पावसात विरली होती.

त्यानंतर बाबा, माझे सासरे, दर ऑक्टोबरला एकटे यायचे आणि मार्चमध्ये परत जायचे. आल्या आल्या कात्रीला धार लावून वेल गुडघ्याइतका छाटायचे. पुण्यातले त्यांचे गुलाब अशा छाटणीनंतरच बहरत. जूनमध्ये फोनवर विचारायचे, "पद्मजा, रंग कळला का गं?"

"नाही, बाबा. नुसती पानं आहेत."

"मग यंदा आणखी खालून छाटतो."

बाबांना तो पिवळा वाटे. सुशांतला, माझ्या नवऱ्याला, लाल. मला स्वप्नात कधीकधी निळाही दिसे, निळा गुलाब नसतो हे ठाऊक असून.

२००६च्या उन्हाळ्याअखेरीस कुंपणापलीकडे निसटलेली एक जुनी फांदी मला सापडली. बाबांच्या कात्रीतून तेवढीच सुटली होती. तिच्यावर फुलं येऊन गेली होती. आता वाळून तपकिरी. म्हणजे हा वेल गेल्या वर्षीच्या फांदीवरच फुलत होता.

ऑक्टोबरमध्ये बाबा कात्री घेऊन निघाले तेव्हा मी ती फांदी त्यांना दाखवली. त्यांनी वाळलेलं एक फूल तळहातावर घेतलं.

"म्हणजे दर वर्षी तिची फुलं मीच कापत होतो."

"खतही तुम्हीच घातलंत, बाबा. म्हणून तर इतका जोमात आहे."

"एवढी शिकलीस, पण खोटं काही नीट बोलता येत नाही." कात्री त्यांनी खिशात टाकली. "बरं, आता करायचं काय?"

"फांद्या आडव्या वाकवायच्या. आडवी फांदी जास्त फुलते."

धुक्यात आम्ही जुन्या पंच्याच्या पट्ट्यांनी फांद्या वेलासाठी उभारलेल्या कमानीला बांधल्या. लहान मुलीची वेणी घालावी तशी बाबा प्रत्येक गाठ सैल ठेवत होते. त्यांचे हात धुक्यात दिसत, नाहीसे होत.

पुढच्या जूनमधल्या एका सकाळी कमान उमललेली होती. केशर घातलेल्या दुधाचा रंग. पुढे रोज दुपारी त्यातलं केशर विरून जाई, नुसतं दूध उरे. त्या सकाळी माझ्या चहाच्या कपात पाकळी पडली, तशीच राहू दिली. पुण्यात तेव्हा रात्र पडत होती. मी फोन लावला.

"बाबा, फुलला."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"रंग ना, अगदी..."

"थांब. सांगू नकोस. ती 'बघा' म्हणाली होती. सुशांतला म्हणावं, पुढचं तिकीट मे महिन्याचं काढ."

"सांगते."

"आणि तोवर वेलाला कुणा म्हाताऱ्याला हात लावू देऊ नकोस."