सुनेच्या पापणीवरचा शेक

सासूबाईंचे डोळे सदानकदा लाल, पापण्या सुजलेल्या, कडांना पापुद्रे. असे डोळे पाहून गल्लीला दुसरं काय सुचणार? सून छळते! सून बिचारी इस्त्रीच्या दुकानात दिवसभर घाम गाळायची आणि वर हा शिक्का. "अगं, मी रडत नाही," सासूबाई सांगून थकल्या, पण ऐकतंय कोण? शेवटी नणंदेनं फोनवर ठणकावलं, "महिनाअखेरीला येते आणि आईला घेऊनच जाते." सुनेला आई म्हणायला जगात या सासूबाईच उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिनं सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी भिंगातून पापण्या न्याहाळल्या.

"आजी, फार रडता का हो?"

"रडायला वेळ कुठंय? घड्या कोण घालणार?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांची तोंडं बुजलीत. मलम देते. पण रोज ओला, सोसेल असा शेक द्यायचा, मग कडा हलक्या हातानं पुसायच्या. बरं वाटलं तरी सोडायचं नाही. हे दुखणं जात नाही, आटोक्यात राहतं."

ओल्या फडक्यावर इस्त्री फिरवायची, फडकं आधी स्वतःच्या मिटल्या पापणीवर धरायचं आणि सोसलं तरच सासूबाईंच्या डोळ्यांवर ठेवायचं, असं सुनेनं ठरवून टाकलं. "आजारी कोण, तू की मी?" सासूबाई चेष्टा करायच्या. हळूहळू त्यांची सूज उतरली.

नणंद आली ती नेमकी शेकाच्या वेळी. आई मान मागे टाकून बसलेली आणि वहिनी इस्त्रीखालचं फडकं तिच्या डोळ्यांकडे नेतेय!

"अगं बाई! डोळे भाजतेस का तिचे?" तिनं फडकं हिसकावलं. "आई, ऊठ. बॅग भर."

सासूबाई हलल्या नाहीत. "ते फडकं आधी गालाला लाव."

नणंदेनं लावलं. नुसतं उबदार होतं.

"आता माझे डोळे बघ. आणि मग हिचे."

आईचे डोळे निवळले होते. वहिनीची एक पापणी मात्र लालबुंद होती.

"रोजचा पहिला चटका ही घेते," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. सून घाईघाईनं फडक्याकडे वळली.

"राहू दे गं. आज मी खरंच रडतेय."